नाकाच्या दांडीवरचा डाग

चाळिशी लागली म्हणून गेल्या पावसाळ्यात मी चष्म्याच्या दुकानात गेले. इंजेक्शनच्या कुपीवरची बारीक अक्षरे वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली वाचता येईनाशी झाली होती आणि मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी शेजारच्या मुलीला वाचायला लावणे मला बरे वाटत नव्हते. दुकानदाराने नंबर काढला, काचेच्या टेबलावर काही फ्रेमा मांडल्या आणि त्यांतली एक माझ्या नाकावर बसवता बसवता सहज विचारले, "ताई, जुना चष्मा आणलाय का? एकदा ताडून पाहिला असता." मी म्हटले, "हा पहिलाच." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, छोटा आरसा समोर धरला आणि नाकाच्या दांडीवरच्या तपकिरी डागाकडे बोट केले. "मग ही खूण कशाची? अशी खूण तर वर्षानुवर्षं जड चष्मा लावणाऱ्यांना पडते." मी काहीतरी पुटपुटले, फ्रेम पसंत केली, पैसे दिले आणि बाहेर पडले. रोज इतकी नाके पाहणाऱ्याला जे दिसले ते त्याने विचारले, यात त्याचे काहीच वावगे नव्हते. तरी घरी पोहोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. या डागाला लोकांनी हात जोडले होते, त्याचे फोटो काढले होते, पण तो नेमका कशाने पडला, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारले नव्हते.

तो डाग एन-९५ मास्कचा आहे. वऱ्हाडातल्या ज्या शासकीय रुग्णालयात मी परिचारिका आहे, तिथे कोविडच्या साथीत, २०२० च्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा उमटला. हिवाळ्यात पुसट होत आला होता, तेवढ्यात २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि तो त्याच जागी, आधीपेक्षा गडद होऊन परतला. मास्क लावण्याची रीत तोवर अंगवळणी पडली होती. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर, मग दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावरची धातूची पट्टी मधून कडेला दाबत न्यायची, मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा आणि हवा कुठून निसटते का ते पाहायचे. माझा चेहरा लहान आणि निमुळता आहे. हवा नेमकी डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे निसटायची. पापण्यांना ऊब लागली की समजायचे, पट्टी अजून दाबायला हवी. दाबायची, फुंकायचे, पुन्हा ऊब लागायची, पुन्हा दाबायची. शेवटी ती हाडावर अशी रुतून बसायची की डोळ्यांत पाणी यायचे, आणि मग त्याच हाडावर गॉगल चढायचा, गॉगलवर फेस शील्ड. एवढा सगळा भार घ्यायला त्या जागी आहे तरी काय? हाड, आणि हाडावर ताणलेली पातळ कातडी. मध्ये चरबीची म्हणावी अशी गादीच नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्हाला बेडसोअर शिकवतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरची किंवा टाचेवरची कातडी हाड आणि गादी यांच्यात दाबली जाते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तेवढ्या जागेला रक्त पोहोचत नाही, आणि त्यात घामाचा ओलावा असेल तर कातडी मऊ पडून जराशा घासण्यानेही सोलवटते. म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि वेळ लिहून ठेवायची. जखम होण्याआधी तिची चाहूल कशी घ्यायची, हेही शिकवतात. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडायचे. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर काळजी नाही, पांढरी पडलीच नाही तर व्रणाची सुरुवात झाली आहे असे धरायचे. एका दुपारी ड्यूटी संपवून, अंगभर संरक्षक पोशाखाचे किट उतरवून, बेसिनवरच्या आरशासमोर मी स्वतःच्या नाकावर बोट दाबले. रंग बदलला नाही. सावळ्या कातडीवर हा रंग लालही दिसत नाही, जांभळट काळपट दिसतो. पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, त्यामुळे आपल्या रुग्णांमध्ये ही पहिली पायरी पुष्कळदा नजरेतून सुटते. दोन तास झाले की माझे हात आपोआप रुग्णाच्या चादरीखाली जातात, इतकी ती सवय जुनी आहे. माझ्या नाकावरची पट्टी मात्र सहा तास, आणि बदली वेळेवर आली नाही तर त्याहूनही अधिक काळ, जागची हलली नव्हती.

हलवावी म्हटले तरी हलवता येत नव्हती.

आत शिरल्यावर मास्कच्या बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, हा नियम योग्यच होता. मात्र तो पाळताना शरीराचे काय होत होते, तेही लिहून ठेवायला हवे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. दूषित हवा आतल्या आत फिरू नये म्हणून एसी बंद आणि खिडक्या उघड्या असत, आणि त्या खिडक्यांतून येणारी हवा तापल्या तव्यावरून आल्यासारखी लागे. घाम पाठीवरून ओघळत मोज्यांपर्यंत जाई. मास्कच्या आतला थर तासाभरातच श्वासाच्या वाफेने आणि घामाने ओलसर होऊन ओठांना चिकटू लागे. वरच्या ओठावरून घामाचा एक थेंब निघायचा आणि हनुवटीच्या खळीत जाऊन थांबायचा. तिथे खाज सुटायची आणि ती तशीच सोसत एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आक्रसलेल्या शिरेत सुई घालावी लागायची. जबडा पुढे-मागे करत, नाक मुरडत, हात न लावता खाजवायला आम्ही सगळ्याच शिकलो. त्याने संध्याकाळी कानापुढचा सांधा दुखायचा, भाकरीचा घास चावताना कट्कन वाजायचा. हनुवटीवर आणि गालांवर, मास्कच्या रेषेच्या बरोबर आत, तरुणपणीही आल्या नव्हत्या एवढ्या पुटकुळ्या उठल्या. एका मैत्रिणीच्या मानेवर पट्ट्याच्या रबराचे चट्टे उठले. ज्यांच्या वाट्याला कानात अडकवायचे मास्क आले, त्यांच्या कानांमागे चिरा पडल्या. मग एका मावशींनी टोपीला दोन्ही बाजूंनी कोटाची मोठी बटणे शिवून आणली, कानाऐवजी त्या बटणांत नाडी अडकवून दाखवली, आणि आठवड्याभरात निम्म्या वॉर्डाच्या टोप्यांना बटणे लागली. त्या काळात आम्हाला मिळालेल्या सर्वांत उपयोगी वस्तूंपैकी ती बटणे होती, असे मी आजही म्हणेन. एका मामांनी नवसाची दाढी राखली होती. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही हे कळल्यावर ते दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून आले आणि नवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

पाण्याचे दुःख वेगळेच होते. किट एकदा उतरवले की दुसरे मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून ड्यूटीच्या आधीपासूनच आम्ही पाणी प्यायचे टाळत असू. तहान लागली की जीभ टाळूला चिकटायची, मास्कच्या आत स्वतःच्याच श्वासाचा आंबूस वास यायचा. कोणी डायपर लावून आत जायच्या, पाळीच्या दिवसांत तर त्याला इलाजच नसायचा. त्या उन्हाळ्यात लघवीच्या जळजळीची तक्रार आमच्यात इतकी सर्रास झाली की त्याची औषधे आम्ही एकमेकींच्या पर्समधून मागून घेत असू, आणि पुरुष सहकाऱ्यांसमोर हा विषय निघाला की सगळ्याच गप्प होत असू. डोकेदुखी मात्र सगळ्यांसमोर बोलता येत होती. कपाळापासून मानेपर्यंत, जिथे जिथे पट्टे आणि गॉगलचे इलॅस्टिक आवळलेले असेल, तिथे तिथे ती ठणकत असे. बाहेरून आलेल्या दाबाने होणारी डोकेदुखी म्हणून वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची वेगळी नोंद आहे. त्यात तहान, चुकलेला चहा आणि अपुरी झोप यांची भर पडायची. आणि आवाज. मास्कमधून शब्द दबतात, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलावे लागे. घरी गेल्यावर घसा असा बसलेला असे की मुलीला हाक मारायला टाळी वाजवावी लागे. खाट क्रमांकाने ओळखायचो त्या रुग्णांमधली एक आजी मला रोज म्हणायची, "माय, तुझं तोंड एकदा तरी पाहू दे ना वं." ती बरी होऊन घरी गेली. माझे तोंड तिने पाहिले नाही.

त्या दिवसांत मास्कमुळे शरीरातला ऑक्सिजन घटतो, असे मोबाइलवर सगळीकडे फिरत होते. नातेवाईक मला विचारत, आणि त्यांना उत्तर देणे मला सोपे नव्हते, कारण एकदा मी स्वतः वॉर्डातून बाहेर येताना भोवंडून भिंतीला टेकले होते. कानांत घूं असा आवाज होत होता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. हातमोजे उतरवून, हात धुऊन, मास्क तसाच तोंडावर ठेवून मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८. मास्कच्या पोकळीत आपणच सोडलेली हवा थोडी शिल्लक राहते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड अधिक असतो आणि पुढच्या श्वासाबरोबर ती पुन्हा आत जाते. श्वास ओढायलाही किंचित अधिक जोर लागतो. निरोगी माणसाचे शरीर याची भरपाई करू शकते आणि रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही. मला भोवंड आली होती ती उन्हाने, तहानेने आणि थकव्याने. मास्क विषारी आहे असे सांगणारे चुकत होते आणि मास्कने काहीच होत नाही असे सांगणारेही चुकत होते. त्या ९८ च्या आकड्याकडे पाहत मी भिंतीला धरून उभी होते, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते.

घरी सासूबाई माझ्या नाकावर साय आणि हळद लावायच्या. मी वेगळ्या खोलीत राहत होते, तेव्हा त्या वाटी दाराशी ठेवून बाजूला होत आणि मी ती आपल्या हाताने लावून घेतली का, ते लांबून पाहत. शेजारी टाळ्या वाजवत, कोणी दारात फुले ठेवून जाई. मास्क उतरवलेल्या, गालांवर आणि नाकावर खोल वळ पडलेल्या डॉक्टर-परिचारिकांचे फोटो जगभर फिरत होते. माझाही एक फोटो भाच्याने काढला आणि त्याखाली लोकांनी किती छान छान लिहिले होते. मला ते आवडले. त्या प्रेमाने मला कित्येक सकाळी पुन्हा आत जाण्याचे बळ दिले, हे मी नाकारणार नाही. आमच्या तुकडीतली एक सिस्टर त्या साथीतून परत आली नाही. तिच्यानंतर तर नाकावरच्या दुखण्याविषयी बोलणे मला लाजिरवाणे वाटू लागले. ज्या वस्तूने आपल्याला जिवंत ठेवले, तिच्याबद्दल तक्रार कशी करायची?

मग हळूहळू मी वाचू लागले.

हे नवे नव्हते. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, तेव्हा सिंगापूरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी महिनोन्‌महिने एन-९५ मास्क लावले होते. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची पाहणी करून २००६ मध्येच लिहून ठेवले होते की हा मास्क वापरणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांना त्वचेचा त्रास झाला. कोणाला पुटकुळ्या आल्या, कोणाला खाज सुटली, कोणाला पुरळ उठले. त्याच वर्षीच्या तिथल्या दुसऱ्या एका पाहणीत २१२ कर्मचाऱ्यांपैकी ३७.३ टक्के लोकांनी मास्कमुळे डोके दुखत असल्याचे सांगितले होते आणि सलग चार तासांहून अधिक वापराशी त्याचा संबंध दिसला होता. २०२० च्या सुरुवातीला चीनच्या हुबेई प्रांतात कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्यांना विचारले, तर ९७ टक्के लोकांनी कातडीला इजा झाल्याचे सांगितले, आणि सर्वाधिक इजा कुठे, तर नाकाच्या दांडीवर. म्हणजे आमच्या नाकावर पहिला वळ उमटण्याआधी चौदा वर्षे सिंगापूरच्या त्या पाहण्या छापून आलेल्या होत्या. सलग चार तासांनंतर विसावा हवा, आतल्या लोकांना आळीपाळीने बाहेर काढायला हवे, हे त्यातून कोणालाही वाचता आले असते. पहिल्या लाटेत माणसेच कमी होती, ही अडचण मी जवळून पाहिली आहे आणि तिचा दोष मी कोणा एकाला देत नाही. पण साथ ओसरल्यावरही वेळापत्रके तशीच राहिली, तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

खरी गोष्ट मला त्याहून उशिरा कळली. एका प्रशिक्षणात आमची फिट टेस्ट घेण्यात आली. डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखे आवरण चढवतात आणि त्याच्या छिद्रातून सॅकरिनचा गोड फवारा सोडतात. आधी मास्कशिवाय गोडी लागते का ते पाहतात, मग मास्क लावून तोच फवारा सोडतात. खोल श्वास घ्यायचा, मान डावीकडे-उजवीकडे, वर-खाली करायची, मोठ्याने बोलत राहायचे. जिभेवर गोड लागले, तर मास्क गळतो. ज्या आकाराचा मास्क मी दोन्ही लाटांमध्ये वापरला होता, तोच मी नेहमीसारखा हाडावर रुतेपर्यंत दाबून लावला. मान वळवताच जीभ गोड झाली. प्रशिक्षकांनी दुसऱ्या घडणीचा, लहान आकाराचा मास्क दिला. मी सवयीने पट्टी दाबू लागले, तशा त्या म्हणाल्या, "एवढी नका दाबू सिस्टर, आपोआप बसेल." तो बसला. बोलले, वाकले, मान फिरवली, पण गोडीचा मागमूस नव्हता. आणि नाक दुखत नव्हते.

मी खुर्चीवर बसून राहिले. तोवर मला वाटत आले होते की सुरक्षित राहायचे तर एवढे दुखणारच, दुखले म्हणजे मास्क नीट बसला. प्रत्यक्षात मास्क माझ्या चेहऱ्यासाठी मोठा होता, म्हणून तो गळत होता, गळत होता म्हणून मी तो दाबत होते, आणि दाबूनही तो गळतच होता. दुखणे आणि धोका या दोन्हींचे मूळ एकच होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेत मास्क कोणकोणत्या चेहऱ्यांना बसायला हवेत हे ठरवणारी मापे कित्येक दशके १९६७-६८ साली अमेरिकी हवाई दलातल्या माणसांच्या केलेल्या मोजणीवर आधारलेली होती. तिथल्याच संस्थेने २००३ मध्ये मास्क वापरणाऱ्या ३,९९७ लोकांचे चेहरे नव्याने मोजले, कारण जुनी मापे आजच्या कामगारांना लागू पडत नाहीत असे त्यांना दिसले. वऱ्हाडातल्या परिचारिकेचा चेहरा या दोन्ही मोजण्यांत कुठून असणार? आमच्याकडे या कामात बायका बहुसंख्य, आणि खोक्यातून मात्र एकाच मापाचा मास्क निघतो. चप्पल घेताना आपण नंबर विचारतो, आणि ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे तिच्यासाठी नंबर असतो हेच आमच्यातल्या कित्येकींना ठाऊक नव्हते. कोणी पट्टीखाली कापसाचा बोळा ठेवायच्या, कोणी जाड चिकटपट्टी लावायच्या. नाक वाचायचे, पण त्या जाडीमुळे पट्टी उचलली जाऊन फट पडायची. पातळ ड्रेसिंग लावता येते, पण ते लावल्यावर मास्क नव्याने तपासून पाहावा लागतो, हेही त्या प्रशिक्षणातच पहिल्यांदा ऐकले.

माझ्या डागाकडे आता मी पूर्वीसारखी पाहू शकत नाही. त्यात अभिमान आहे, तो मी टाकून देणार नाही. पण लोकांनी ज्याला शौर्याची खूण मानले, ती मोठ्या प्रमाणावर चुकीच्या मापाची आणि न मिळालेल्या विसाव्याची खूण होती. कोणी वळांपुढे हात जोडण्याआधी मास्कचा आकार विचारला असता, तर निम्मे वळ पडलेच नसते असे मला वाटते.

हे सगळे जुने झाले, आता कशाला उकरायचे, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या क्षयरोगाच्या वॉर्डात यायला सांगेन. गेली काही वर्षे माझी नेमणूक तिथेच आहे. कोविडचे वॉर्ड उठले, पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाजवळ जायचे तर एन-९५ शिवाय जाता येत नाही. खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहू शकतात. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही, फोटो काढत नाही, आणि मास्क मात्र रोज चढतो. यंदा आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीचा चेहरा माझ्याहूनही लहान आहे. पहिल्याच आठवड्यात ती बेसिनसमोर नाकावर थंड पाण्याचा हबका मारताना दिसली. तिने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि अभिमानाने म्हणाली, "बघा मॅडम, मलाही पडला." मी तिला ड्यूटी रूममध्ये नेले, प्रशिक्षणातून आणलेला लहान आकाराचा मास्क कपाटातून काढला आणि तो कसा बसतो ते तिच्याकडून करून घेतले. पट्टी एवढी दाबायची नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

यंदाच्या मागणीपत्रात मी लहान आकाराचे मास्क लिहिले. छापील नमुन्यात मापाचा रकाना नाही, म्हणून तो पट्टीने आखून घेतला. स्टोअरचे बाबू म्हणाले, "सिस्टर, मास्कला कुठं साईज असते का? सगळ्यांना चालतो की." मी दोन्ही मास्क सोबत नेले होते. त्या मुलीला तिथेच उभी करून एकामागून एक लावायला सांगितले आणि बाबूंना तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी, थोड्या अंतरावर हात धरायला लावला. मोठ्या मास्कमधून हवा त्यांच्या बोटांना लागली, लहान मास्कमधून लागली नाही. त्यांनी मागणीवर सही केली आणि कागद वर पाठवला. वर्षातून एकदा प्रत्येकाची फिट टेस्ट व्हावी आणि सलग चार तासांपेक्षा जास्त कोणाला आत ठेवू नये, असेही मी त्याच पत्रात लिहिले आहे. मंजुरी अजून आलेली नाही. महिनाअखेरीस मी पुन्हा विचारायला जाणार आहे.